दृढीकरणानंतर मुलांची सोबत कोण करणार?

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

शाळा सुरू होण्याच्या या दिवसांत आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्येही एक छोटेसे वर्ष सुरू होत असते. मे महिन्यातली सुट्टीची पवित्रशास्त्र (बायबल) शाळा आटोपलेली असते, शब्बाथशाळेचे, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाचे, वर्ग नव्याने लागतात आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींची नावे दृढीकरणाच्या वर्गासाठी लिहून घेतली जातात. मी पोटापाण्यासाठी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली आणि रविवारी सकाळी साताऱ्यात शब्बाथशाळा चालवली. दोन्ही मिळून पंचवीसहून अधिक वर्षे मुलांसमोर उभा राहिलो. त्या अनुभवावरून सांगतो, की मुलांना शिकवण्याची आमची व्यवस्था बरी म्हणावी अशी आहे, परंतु शिकवून झाल्यावर त्यांच्याबरोबर राहण्याची व्यवस्था जवळजवळ नाहीच. हे पत्र मंडळीच्या मासिकाकडे न पाठवता आपल्या दैनिकाकडे पाठवण्याचे कारण एवढेच, की ज्यांच्याविषयी लिहायचे आहे ती मुले मासिक उघडत नाहीत, आपले दैनिक मात्र मोबाइलवर का होईना, चाळतात.

ख्रिस्तेतर वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. आम्ही ज्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे सभासद आहोत, ते सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झाले. त्यात तान्ह्या लेकराचा बाप्तिस्माही मान्य आहे आणि कळत्या वयात स्वतः मागून घेतलेला बाप्तिस्माही. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेले मूल मोठे झाल्यावर, आईवडिलांनी त्याच्या वतीने दिलेली विश्वासाची कबुली स्वतःच्या तोंडाने देते, बिशप त्याच्या मस्तकावर हात ठेवतात आणि ते प्रभुभोजनाच्या पंक्तीला येते. या विधीला आम्ही दृढीकरण म्हणतो. त्याआधी काही महिने वर्ग असतो, पाठांतर असते आणि बहुतेक ठिकाणी लहानशी परीक्षाही असते.

तान्ह्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेब केवळ आईवडिलांना प्रश्न विचारून थांबत नाहीत. ते मंडळीकडे वळतात आणि या लेकराला विश्वासात वाढवण्यासाठी तुम्ही साहाय्य कराल का, असे विचारतात. आम्ही सर्व जण उभे राहून होकार देतो. मी असा होकार किती वेळा दिला असेल याचा हिशेब नाही. ज्यांच्यासाठी दिला त्यांपैकी किती मुलांचा आज ठावठिकाणा मला ठाऊक आहे, याचा हिशेब मात्र एका हाताच्या बोटांवर होईल, आणि हे पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

दोन वर्षांपूर्वी साताऱ्याच्या एसटी स्टँडवर एका तरुणाने मला हाक मारून नमस्कार केला. दृढीकरणाच्या वर्गात तो पहिला आला होता, दहा आज्ञा आणि प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे आमच्या विश्वासाची थोडक्यातली कबुली, त्याने एका दमात म्हटला होता आणि बक्षीस म्हणून मीच त्याच्या हाती पवित्रशास्त्र ठेवले होते. हल्ली पुण्याला चाकणकडे नोकरी करतो म्हणाला. तिकडे उपासनेला कुठे जातोस, असे मी सवयीने विचारले. तो हसला. “सर, परीक्षा पास झालो, त्यानंतर कुणी काही विचारलंच नाही,” असे तो म्हणाला आणि स्वारगेटची गाडी लागली म्हणून धावत निघून गेला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि राग नव्हता याचेच मला जास्त लागले. आमच्या लेखी दृढीकरण म्हणजे मंडळीच्या जीवनात पहिले पाऊल. त्याच्या लेखी तो शाळा सोडल्याचा दाखला ठरला होता, आणि तो दाखला सही करून आम्हीच दिला होता.

श्रद्धा शिकवता येते की लागते, हा वाद जुना आहे आणि तो मी येथे उकरीत नाही. परंतु पवित्रशास्त्रात मुलांना विश्वास कसा द्यावा याविषयी जिथे बोलणे आले आहे, तिथे वर्गाचे चित्र फारसे नाही. पवित्रशास्त्रातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवण्याची आज्ञा आहे, आणि ती घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना बोलून. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पत्र लिहिताना प्रेषित पौल त्याच्या गुरूची आठवण काढत नाही, आजी लोईस आणि आई युनीके यांची काढतो. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेच्या मंदिरात सापडला तेव्हा तो शिक्षकांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्नही विचारत होता. त्याला प्रश्न विचारू देणारे शिक्षक तिथे होते, ही गोष्ट प्रवचनांमधून क्वचितच ऐकू येते.

माझ्या नोकरीची काही वर्षे लोणंद परिसरात गेली. नीरास्नान आटोपून माउलींची पालखी आमच्या जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत पुढे जाते. शाळेच्या ओट्यावर दिंड्या उतरत, त्यांत आजीच्या बोटाला धरून आलेली मुले असत. त्यांच्याकडून हरिपाठ कोणी घोकून घेत नसे. रोज संध्याकाळी कानावर पडून तो त्यांना आपोआप येत असे. दमलेले पोर कुणाच्या तरी खांद्यावर झोपी जाई आणि तो खांदा प्रत्येक वेळी बापाचाच असे असेही नाही. आमची उपासनापद्धती निराळी आणि श्रद्धेचा विषयही निराळा, तेव्हा ही तुलना फार ताणू नये हे मला कळते. तरीही दिंडीत मुलाला विश्वासाबरोबर माणसेही मिळतात, आणि आमच्या शब्बाथशाळेत त्याला पुस्तक मिळते, हा फरक मला तेव्हापासून टोचत आला आहे.

याच साताऱ्यात १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला होता. मराठी वाचक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतात, आम्ही त्यांना भजनांवरून ओळखतो. परंतु या विषयात मला टिळकांच्या कवितेपेक्षा त्यांच्या संसाराची अधिक आठवण होते. टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे नगरला एकत्र आल्यावरही त्यांचे सोवळेओवळे एका दिवसात सुटले नाही आणि ते तसे सुटावे अशी बळजबरीही झाली नाही. त्या स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळी विश्वासापर्यंत आल्या. पुढे ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरचे महाकाव्य टिळकांच्या हातून अपुरे राहिले, तेव्हा ते पुरे करण्याचे काम याच बाईंनी हाती घेतले. एकाच छपराखाली दोन माणसे श्रद्धेच्या दोन टप्प्यांवर असू शकतात आणि पुढच्याने मागच्यासाठी थांबायचे असते, हे आमच्या मंडळीने आपल्याच घरातल्या या गोष्टीवरून शिकायला हवे होते. आम्ही मात्र सोळाव्या वर्षी सगळ्यांनी एकाच इयत्तेत असावे असा हट्ट धरतो.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत आमच्या मंडळीतल्या एका मुलीचे आजोबा गेले. वर्ग पुन्हा भरू लागल्यावर तिने सर्वांदेखत मला विचारले, की आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली, शेजारच्यांनीही केली. त्यांचे आजोबा घरी आले, मग आमचे का आले नाहीत? मी ‘देवाची इच्छा’ असे म्हणालो, एक सुवर्णवचन सांगितले आणि फळ्याकडे वळलो. तिने मान हलवली. त्यानंतर तिने मला एकही प्रश्न विचारला नाही, आणि मी काही दिवस समजत होतो की माझ्या उत्तराने तिचे समाधान झाले. खरे पाहता तेराव्या स्तोत्राची सुरुवातच ‘हे परमेश्वरा, कुठवर?’ अशा आक्रोशाने होते आणि ईयोबाच्या पुस्तकात तर अध्यायांमागून अध्याय देवाला जाब विचारण्यात गेले आहेत. तिचा प्रश्न पवित्रशास्त्राबाहेरचा नव्हता. तो पवित्रशास्त्रातलाच होता आणि ते पान उघडून तिच्याशेजारी बसणे हेच माझे काम होते. उत्तर नसते तरी चालले असते. उत्तर नसताना उत्तर असल्याचा आव आणला, ते चालले नाही.

आमच्या तरुणांविषयी बोलताना वडीलधाऱ्यांच्या तोंडी मोबाइल हा एकच आरोपी असतो. मला हे निदान उथळ वाटते. भाषेची गोष्ट अधिक खोल आहे आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. आमच्या घरांतली आजी मिशनच्या मराठी शाळेत शिकली, किंवा मिरजेच्या मिशन दवाखान्यात परिचारिका झाली. तिला टिळकांची भजने तोंडपाठ आहेत आणि प्रार्थना करताना तिची मराठी अभंगासारखी वाहते. नातू इंग्रजी माध्यमात शिकतो. त्याला देवनागरी वाचता येते पण सावकाश, जोडाक्षरांपाशी अडखळत. उपासनेत भजन सुरू झाले की तो पुस्तक उघडेपर्यंत दुसरे कडवे संपलेले असते. घरी तो इंग्रजी स्तुतिगीते गिटारवर वाजवतो, ती आजीला कळत नाहीत. म्हणजे एकाच घरात एकाच देवाची स्तुती दोन भाषांत चालते आणि मधल्या भिंतीला दार नाही. आईवडील या दोघांच्या मध्ये उभे असतात, परंतु त्यांना स्वतःला धड आजीची भजने येत नाहीत आणि धड मुलाची गाणीही येत नाहीत.

यावर आमच्या एका ओळखीच्या कुटुंबाने एक साधा उपाय केला. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत आजीने भजनाचे एक कडवे सांगायचे, नातवाने ते मोबाइलवर टिपून घ्यायचे, न समजलेला शब्द तिथेच विचारायचा आणि मग चाल गिटारवर बसवायची. पहिल्या आठवड्यात हसणे जास्त आणि भजन कमी झाले. पुढे नातवाने आजीला विचारले, की हे भजन तू पहिल्यांदा कुठे ऐकलेस? त्यावर आजी जे बोलली त्यात तिचे बालपण आले, प्लेगमध्ये गेलेल्या तिच्या आजोळच्या माणसांची ऐकीव हकीकत आली, आणि तिचा विश्वास एकदा कसा डळमळला होता तेही आले. हे शेवटचे तिच्या मुलालाही ठाऊक नव्हते. दृढीकरणाच्या वर्गात असा पाठ मला एकदाही घेता आला नाही.

अमेरिकेत २००२-०३ साली १३ ते १७ वर्षांच्या तीन हजारांहून अधिक मुलामुलींशी बोलून त्यांच्या धर्मजीवनाचा एक मोठा अभ्यास सुरू झाला आणि पुढे बरीच वर्षे त्याच मुलांचा मागोवा घेण्यात आला. मुलांच्या श्रद्धेवर सर्वांत मोठा प्रभाव आईवडिलांचा असतो, असा त्याचा एक ठळक निष्कर्ष आहे. तिकडची परिस्थिती आपल्याला जशीच्या तशी लागू होणार नाही. पण हा निष्कर्ष वाचून आईवडिलांनाच दटावण्याची प्रवृत्ती आपल्याकडेही आहे आणि तिला माझा विरोध आहे. बाप एमआयडीसीत रात्रपाळी करून रविवारी सकाळी सात वाजता घरी येतो. आईची ड्यूटी दवाखान्यात. मुलाचा नीटचा क्लास रविवारी सकाळी आठला, आणि त्याचे पैसे कर्ज काढून भरलेले. काही घरांत बाप पितो, काही घरांत तो नाहीच. अशा घराला व्यासपीठावरून ‘कुटुंब म्हणून एकत्र उपासनेला या’ असे सांगणे सोपे आहे. त्यापेक्षा त्यांच्या सवडीने मंगळवारी संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन चहा घ्यावा, पंधरा मिनिटे बसावे, मुलाच्या क्लासची चौकशी करावी आणि निघताना दोन वाक्यांची प्रार्थना करावी. कुटुंबाची सोबत म्हणतात ती एवढ्यापासून सुरू होते. हे काम पाळकसाहेबांवर टाकून मोकळे होता येणार नाही, कारण एका पाळकाकडे पुष्कळदा तीन-चार गावे असतात.

लूकच्या शुभवर्तमानातली अम्माऊसच्या वाटेची गोष्ट या संदर्भात पुन्हा पुन्हा सांगितली जाते. कॅथोलिक बिशपांची तरुणांविषयीची सभा ऑक्टोबर २०१८ मध्ये रोम येथे भरली होती, तिच्या अंतिम दस्तऐवजाची मांडणीही याच गोष्टीच्या आधाराने केली आहे. वधस्तंभावरील मृत्यूनंतर दोन शिष्य खचून यरुशलेम सोडून निघाले आहेत, सुमारे अकरा किलोमीटरची वाट आहे, आणि पुनरुत्थित येशू अनोळखी वाटसरूसारखा त्यांना गाठतो. तो आधी विचारतो, की तुम्ही काय बोलत चालला आहात? मग त्यांची सगळी निराशा ऐकून घेतो. शास्त्र उलगडून सांगतो ते त्यानंतर, आणि त्यांना ओळख पटते ती संध्याकाळी जेवायला बसल्यावर, भाकर मोडताना. मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की ते दोघे चुकीच्या दिशेने चालले होते. त्यांनी आधी माघारी वळावे, मग मी बरोबर येतो, अशी अट येशूने घातली नाही. चाकणला निघून गेलेल्या मुलाच्या बाबतीत आमची मंडळी नेमकी हीच अट घालून बसली आहे: तू उपासनेला ये, मग आम्ही तुझी विचारपूस करू.

माझी सूचना मोठी नाही आणि तिला पैसाही लागत नाही. दृढीकरणाच्या वर्गात नाव लिहून घेताना प्रत्येक मुलाच्या नावापुढे मंडळीतल्या दोन प्रौढांची नावे लिहावीत. शक्य तर एक पुरुष आणि एक स्त्री, आणि दोघेही मुलाचे नातलग नसावेत. वर्ग संपल्यावर किमान तीन वर्षे त्यांनी त्या मुलाची आणि त्याच्या घराची खबरबात ठेवावी. निकालाच्या दिवशी, आजारपणात, नोकरीच्या पहिल्या दिवशी फोन करावा; मूल पुण्या-मुंबईला गेले तर तिथल्या मंडळीतल्या एखाद्या माणसाशी त्याची गाठ घालून द्यावी. प्रवचन देऊ नये. मुलाने एखादा अवघड प्रश्न विचारला तर ‘मला माहीत नाही, आपण मिळून पाहू’ असे म्हणण्याची तयारी ठेवावी. माणसे निवडताना जुने पंच आणि मोठे वक्ते शोधण्यापेक्षा ज्यांच्याशी मुले आपणहून बोलतात अशांना शोधावे. आमच्याकडे उपासनेनंतर चपला नीट लावून ठेवणारे एक काका आहेत, तरुण संघातल्या निम्म्या मुलांची गुपिते त्यांना ठाऊक असतील.

एका बाबतीत मात्र काटेकोरपणा हवा. प्रौढ व्यक्ती आणि अठरा वर्षांखालील मूल यांच्या भेटी आईवडिलांना सांगून आणि चारचौघांच्या नजरेच्या टप्प्यात, घराच्या ओटीवर किंवा चर्चच्या आवारात व्हाव्यात. बंद खोलीत होऊ नयेत. रात्री-अपरात्री खासगी संदेश पाठवू नयेत. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे आणि तो प्रार्थनास्थळांनाही लागू आहे. ‘आपलीच माणसे आहेत’ असे म्हणून हा विषय टाळणारे लोक सर्व धर्मांत आहेत. आमच्यात ते नाहीत असा दावा मी करणार नाही.

दुसरे असे, की मुलांना पाहुण्यासारखे वागवणे थांबवावे. नाताळच्या कार्यक्रमात मेंढपाळ होण्यापुरती आणि ईस्टरच्या पहाटे मेणबत्त्या धरण्यापुरती त्यांची आठवण काढली जाते. कापणीच्या सणाला भाजीपाल्याचा आणि कोंबड्यांचा लिलाव होतो, त्याचा हिशेब तरुणांकडे सोपवून पाहावा. भजनाला तबला त्यांचा असावा, शास्त्रवाचन त्यांचे असावे आणि चुकले तर लगेच माइक काढून घेऊ नये. गेल्या वर्षी एका मुलीने वाचताना नावे चुकवली म्हणून पुढच्या बाकावरून दोघांनी मोठ्याने दुरुस्ती केली. ती पुन्हा वाचायला उठली नाही. त्या दोघांपैकी एक मी नव्हतो, परंतु मी गप्प बसलो होतो.

ख्रिस्ती मंडळी तरुणांमध्ये काम करते असे म्हटले, की हल्ली काही जणांच्या मनात शंका येते. त्यांच्यासाठी स्पष्ट लिहितो, की हे पत्र आमच्या स्वतःच्या घरांत जन्मलेल्या मुलांविषयी आहे आणि त्यांच्याही बाबतीत बळजबरीच्या विरोधात आहे. शाळेत ‘तू इंग्रज आहेस का’ असे ऐकून घरी आलेल्या मुलाला आपण मराठी आहोत आणि ख्रिस्तीही आहोत, हे सांगणारे कुणीतरी शेजारी बसलेले असावे, इतकीच माझी अपेक्षा आहे. शेजारच्या घरातल्या वारकरी आजोबांनीही हे सांगितले, तर मला त्याचा आनंदच होईल.

आमच्या मंडळीच्या यंदाच्या दृढीकरणाच्या वर्गात नऊ मुले आहेत. हजेरीपटावर त्यांच्या नावांपुढे दोन जादा रकाने मी स्वतः पट्टीने आखून दिले आणि गेल्या दोन रविवारी उपासनेनंतर तो कागद दारापाशी ठेवला. आजवर त्यात पाच नावे आली आहेत, त्यांतले एक माझे आहे. मला जो मुलगा मिळाला आहे त्याला धर्मशास्त्रापेक्षा क्रिकेटमध्ये अधिक गोडी आहे, त्यामुळे येत्या शनिवारी मला शाहू स्टेडियमवर जावे लागणार आहे. उरलेल्या तेरा रकान्यांसाठी आमच्या मंडळीतल्या वाचकांनी येत्या रविवारी येताना पेन बरोबर आणावे, कारण दारापाशी ठेवलेले पेन दोन्ही वेळा कुणीतरी उचलून नेले.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
सातारा